जुना पिकअप तापतोय? आधी कधी तापतो ते पाहा

तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला की बहुतेक जण थेट रेडिएटर बदलायला निघतात. थांबा. गाडी नेमकी कधी तापते, यातच अर्धं निदान असतं.

उभी असताना किंवा हळू चालवताना तापते आणि वेग घेतला की थंडावते? मग फॅनकडे बघा. जुन्या पिकअपमध्ये बहुधा फॅन क्लच असतो, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग. इंजिन बंद करून पातं हाताने फिरवा. गरम इंजिनावरही ते सैल गरगर फिरत राहिलं, तर क्लच गेला. उलट चढाला किंवा माल भरल्यावरच तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. रेडिएटरचा खालचा होज पाईपही तपासा. इंजिन रेस केल्यावर तो चपटा होत असेल, तर पाणी ओढलंच जात नाही.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला, पण रेडिएटरचा खालचा पाईप थंडच? बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला हवा.

गळती दिसत नाही, तरी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय? मग हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि गाडी पुढे दामटू नका.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. आणि हो, ते झाकणही एकदा बदलून पाहा; सील थकलं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतो.