हौशी रग्बी क्लब चालवताय? या चुका टाळा (आमच्या करून झाल्या आहेत)

इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी एकमेकांना आडवे करतात, तो कलकत्ता कप आपल्याकडच्या रुपयांचा आहे. अगदी शब्दशः. १८७३ मध्ये सुरू झालेला कलकत्त्याचा फुटबॉल क्लब (तिथलं फुटबॉल म्हणजे रग्बीच) पाचेक वर्षांत थंडावला. मग बँकेत उरलेले चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक घडवला. नागांच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. रग्बीवाले ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. मला मात्र त्यातला एक बारीक तपशील टोचतो. क्लब मिटला तेव्हा जेम्स रॉथनी नावाचे एकच गृहस्थ कॅप्टन, मानद सचिव आणि खजिनदार, तिन्ही होते.

त्यांचं दुखणं मी ओळखतो. पुण्यातल्या एका लहानशा हौशी क्लबचा मी सहा वर्षं सचिव होतो. बॉल माझ्या गॅलरीत, टॅकलच्या (म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडायच्या) सरावाच्या बॅगा माझ्या जिन्याखाली, बॉलचा पंप माझ्या गाडीच्या डिकीत. मला डेंग्यू झाला आणि आमचा सराव तीन आठवडे बंद पडला. कारण विचाराल तर बॉलमध्ये हवा नव्हती आणि पंपाची पिन कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं.

‘सगळं मीच बघतो’

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ती करणारा माणूस वाईट नसतो, उलट तोच सगळ्यात जास्त झिजत असतो. पण त्याची बदली झाली, लग्न झालं किंवा नुसता कंटाळा आला की क्लब त्याच्याबरोबर उठून जातो.

यावर बहुतेक जण काय करतात? ग्रुपवर टाकतात, ‘मदतीला कोण कोण तयार आहे?’ खाली चार अंगठे येतात आणि रविवारी मैदानावर खुणेचे कोन मांडायला पुन्हा तुम्हीच. आमचं गाडं रुळावर आलं ते विचारायची पद्धत बदलल्यावर. एका माणसाला, समोर गाठून, एकच पूर्ण काम द्यायचं आणि ते कधी संपणार हेही सांगायचं. ‘पाणी आणि बर्फ तुझ्याकडे. दिवाळीपर्यंत. नंतर दुसऱ्याला देऊ.’ लोक कामाला भीत नाहीत, कधीच न संपणाऱ्या कामाला भितात. आमचा एक प्रॉप (पहिल्या रांगेत धक्का झेलणारा गडी) सरावाला कायम उशिरा यायचा. त्याच्याकडे किल्ल्या दिल्या. आता त्याला आधी यावंच लागतं.

कोच आणि सचिव एकच माणूस नको, हेही इथेच सांगतो. ज्याला संघातून वगळायचं त्याच्याकडेच वर्गणी मागायची वेळ येते. मग तो खेळायलाही येत नाही आणि पैसेही देत नाही.

‘हो’ म्हणाले बावीस, आले तेरा

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘हो’ म्हणजे सदिच्छा. तिला हजेरी समजू नका.

पंधरांच्या रग्बीत नुसती मुंडकी मोजून भागत नाही. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे गडी वाकून, खांदे भिडवून बॉलसाठी एकमेकांना ढकलतात तो प्रकार. त्याच्या पहिल्या रांगेत, म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हूकर या जागी, तयारी झालेलीच माणसं लागतात. नियमही तेच सांगतात. राखीव धरून संघ पंधरांचा असेल तर पहिल्या रांगेचे किमान तीन खेळाडू हवेत, सोळा ते अठरा असतील तर चार, एकोणीस ते बावीस असतील तर पाच आणि तेवीस असतील तर सहा. माणसं कमी पडली की चांगला दणकट दिसणारा एखादा मित्र धरून त्याला प्रॉप म्हणून उभा करायचा मोह होतो. करू नका. स्क्रम कोसळला की सगळा भार मानेवर येतो, आणि जिममध्ये कमावलेल्या दंडांचा मानेला काहीएक उपयोग होत नाही. माणूस नसेल तर रेफ्रीला आधीच सांगा आणि बिनधक्क्याचे स्क्रम घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आमची पद्धत अशी. गुरुवारी रात्री यादी बंद. सगळ्यात आधी पहिल्या रांगेतल्यांना फोन, मेसेज नव्हे. शुक्रवारी सकाळी समोरच्या क्लबच्या सचिवाला खरा आकडा. त्यांचीही अवस्था आपल्यासारखीच असते. ‘आमचे अकराच आहेत’ म्हटल्यावर पलीकडून सुटकेचा निःश्वास मी कितीतरी वेळा ऐकलाय. मग दहा-दहांचा सामना लावा, नाहीतर सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी, खेळा. सामना रद्द होण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

मैदानाची लोकेशन पिनही शुक्रवारीच पाठवा. २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनमध्ये एकवीस क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन ही इंग्लंडमधली रग्बी संघटना स्थापन केली. वॉस्प्स हा क्लब त्यात नव्हता, कारण त्यांचा प्रतिनिधी भलत्याच गुत्त्यात जाऊन बसला, असा किस्सा आजही सांगतात. खराखोटा देव जाणे. पण आमचेही दोघे एकदा भलत्याच कॉलेजच्या मैदानावर तासभर वॉर्मअप करत होते.

कबड्डीचा पोरगा आला म्हणून थेट टॅकलला

महाराष्ट्रात रग्बीला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे कबड्डी आणि कुस्ती. खाली वाकायची, पायाला हात घालायची भीती या पोरांना मुळातच नसते. म्हणून नवा मुलगा आला आणि ‘मी तालुक्याला खेळलोय’ म्हणाला की आपण त्याला पहिल्याच दिवशी मध्ये सोडतो. आणि फसतो.

कबड्डीत त्याला काय शिकवलंय? पकडलं की सोडायचं नाही. रग्बीत बरोबर उलटं: बॉलवाला जमिनीवर पडला की टॅकल करणाऱ्याने त्याला तिथल्या तिथे सोडायचं असतं. हा बिचारा चिकटून राहतो, पेनल्टीवर पेनल्टी जाते आणि आपण बाहेरून ओरडत बसतो, ‘अरे सोड ना!’ त्याच्या हाडात मुरलेली सवय ओरडून कशी जाणार? दुसरी गोष्ट डॅशची. रेडरला खांद्याने धडक देऊन रेषेबाहेर घालवणं कबड्डीत टाळ्या मिळवतं. रग्बीत हात न गुंडाळता नुसता खांदा मारला तर फाउल. आणि कुस्तीवाला सवयीने समोरच्याला उचलतो. उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर आपटलं तर रेफ्रीचा हात लाल कार्डाकडे जातो, आणि जायलाच हवा.

तेव्हा पहिले तीन-चार सराव टच रग्बी, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. मग टॅकल, तेही पायरीपायरीने: दोघं गुडघ्यावर, मग एक उभा, मग चालत, मग पळत. डोकं कुठे ठेवायचं हे पहिल्या दिवसापासून घोटून घ्या. बाजूने टॅकल करताना डोकं बॉलवाल्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या पुढ्यात कधीच नाही. पुढ्यात ठेवलं की त्याचा गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. माउथगार्ड नसलेल्याला टॅकलच्या सरावात घेऊच नये. आम्ही तीन जास्तीचे आणून ठेवतो आणि विसरणाऱ्याला विकत देतो. पुढच्या वेळी तो विसरत नाही.

‘उठ, काही नाही झालं’

हे वाक्य मी स्वतः बोललोय.

आमचा फ्लायहाफ (संघाचा डाव आखणारा खेळाडू) एका टॅकलमध्ये डोक्यावर आदळला. दोन सेकंद पडून राहिला, उठला, हात वर केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढची वीस मिनिटं तो खेळला. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर त्याने मला विचारलं, ‘कोण जिंकलं?’ सांगितलं. चहा संपायच्या आत त्याने पुन्हा तेच विचारलं. आम्ही हसलो. हसलो, याची आजही शरम वाटते. घरी जायला तो स्वतःची बाइक काढत होता. एका खेळाडूची बायको परिचारिका होती, तिने किल्ली हिसकावून घेतली आणि आम्हाला सगळ्यांना झापलं.

मेंदूला हिसका बसायला, म्हणजे कन्कशन व्हायला, बेशुद्ध पडावं लागत नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणं, तेच तेच विचारणं, डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, यातलं एकही दिसलं की खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. टीव्हीवर खेळाडूला तपासायला नेतात आणि थोड्या वेळाने तो परत येतो, ते पाहून आपल्याकडेही कुणीतरी म्हणतं, ‘दहा मिनिटं बसव, मग बघू.’ ती सोय व्यावसायिक सामन्यांसाठी, प्रशिक्षित डॉक्टर हजर असताना असते. हौशी रग्बीत नियम एकच: शंका आली की बाहेर. आणि हे ठरवायचं काम खेळाडूकडे देऊ नका. तो ‘ठीक आहे’च म्हणणार. कॅप्टनकडेही नको, त्याला सामना जिंकायचा असतो. बाहेर उभ्या असलेल्या एकाच माणसाचा शब्द शेवटचा, हे सामन्याआधी ठरवा.

पहिले चोवीस तास त्याला एकटं सोडायचं नाही, गाडी नाही, दारू नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी आलेल्या सूचनांनुसार अशा खेळाडूने किमान २१ दिवस सामना खेळू नये, आणि परतायचं तेही टप्प्याटप्प्याने. आमच्या क्लबने तोच आकडा भिंतीवर लावलाय. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, मान दुखू लागली, हातपाय बधिर वाटले तर घरी न नेता थेट रुग्णालयात. मानेची शंका असेल तर चौघांनी हातपाय धरून उचलायचं नाही. तो आहे तिथेच राहील, रुग्णवाहिका त्याच्यापर्यंत येईल. जवळचं रुग्णालय कोणतं आणि मैदानाचं कोणतं फाटक गाडीसाठी उघडतं, हे आधी बघून ठेवा. आमच्या फाटकाला कुलूप होतं, आणि किल्लीवाला मामा जेवायला गेला होता.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे कन्कशनचे आणि ‘रग्बी रेडी’चे (सुरक्षित खेळायच्या तयारीचे) ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. दोन संध्याकाळी पुरतात. क्लबातल्या किमान तिघांनी ते करावेत.

पैसे कोणाच्या जीपेवर?

सचिवाच्या. तिथेच चुकतं. वर्गणी, जर्सीचे पैसे, मैदानाचं भाडं आणि त्याच्या घरचं किराणा, सगळं एकाच खात्यात. वर्षअखेर हिशेब लागत नाही आणि माणूस प्रामाणिक असूनही लोक कुजबुजतात. क्लबच्या नावाने खातं, दोन सह्या, आणि दर महिन्याला ग्रुपवर चार ओळींचा हिशेब टाका.

संस्था नोंदवली असेल तर आणखी एक. आपल्याकडे संस्था १८६० च्या कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदली जाते. नवी कार्यकारिणी निवडली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही दोन निवडणुका तो दिलाच नाही. कागदोपत्री आमचे अध्यक्ष कॅनडात राहत होते.

पैसे नसणं ही मात्र चूक नव्हे. स्कॉटलंडमधल्या मेलरोजच्या क्लबचा खजिना आटला होता, तेव्हा १८८३ मध्ये नेड हेग या खाटकाने सुचवलं की संघच लहान करून एका दिवसाची स्पर्धा भरवू. त्यातून सेव्हन्स जन्माला आलं, आणि २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकला पोचलं.

‘मुली येतच नाहीत हो’

त्यांना सरावाची वेळ कोणती दिलीय? मुलांचा झाल्यावर उरलेला अर्धा तास, अंधार पडताना, कपडे बदलायला जागा नाही, आणि घरी जायला पीएमपीची बस. पुण्याच्या वाहबिज भरुचा भारताच्या कर्णधार झाल्या. जून २०१९ मध्ये मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ हरवून पंधरांच्या रग्बीतला आपला पहिला विजय मिळवला. मुली येतात. आम्ही वेळ सकाळची केली आणि कार्यकारिणीत दोघींना घेतलं, तर तीन महिन्यांत सेव्हन्ससाठी राखीव धरून बारा जणींचा संघ उभा राहिला. आज त्यांची हजेरी आमच्यापेक्षा चांगली आहे.

किरकोळ, पण नडणारं

मुरमाच्या मैदानावर टॅकल नको, मे महिन्यात तर नकोच. पावसाळ्यात माती मऊ होते, मुंबईत रग्बी रंगते ती त्याच दिवसांत. पण साचलेल्या पाण्यात गुडघे खरचटून घेतले की घरी जाऊन साबणाने धुवा, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) विनोदाचा विषय नाही.

रेफ्रीशी फक्त कॅप्टनने बोलायचं. आणि प्रत्येक क्लबने आपला एक रेफ्री तयार करावा. गुडघा गेलेला पण खेळ सुटत नसलेला एकतरी जण प्रत्येक क्लबात असतोच, त्याच्या हातात शिट्टी द्या.

पाहुण्या संघाला खाऊ घातल्याशिवाय पाठवू नका. वडापाव चालतो. हरल्यावर तर नक्कीच.

आणि पंपाच्या पिना दोन घ्या, वेगवेगळ्या घरांत ठेवा. मी सचिवपद सोडून वर्ष झालं. परवा नव्या सचिवाचा फोन आला, ‘दादा, पिन कुठंय?’ डिकीतच होती.