गोणपाट ओलं की कोरडं? थंडीत भिंत आणि झाडं झाकताना या चुका टाळा

"अगं, भिंतीवर पाणी मारलंस का?"

आईचा फोनवरचा हा प्रश्न मला महागात पडला, पण दोष तिचा नाही. साताऱ्याला आमचं घर बांधत होते तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ पाईप धरून गोणपाटावर पाणी मारायचं काम आमच्याकडे, म्हणजे पोरांकडे होतं. नवं बांधकाम म्हणजे गोणपाट आणि गोणपाट म्हणजे पाणी, हे तेव्हापासून हातात बसलेलं. मग इंग्लंडात लेस्टरला मागच्या अंगणातल्या विटांच्या कुंपणभिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, नोव्हेंबरात भरल्या, तेव्हा मी गोणपाट आणलं, भिंतीवर टाकलं आणि झारीने छान भिजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र्यासारखं कडक होऊन उभं होतं. उचललं तर 'कर्र' आवाज झाला आणि दोन दरजांमधला माल त्याच्याबरोबर निघून आला.

त्यानंतर गोणपाटाच्या बाबतीत माझ्या हातून आणखीही चुका झाल्या. इंग्लंड-स्कॉटलंडातल्या आपल्या मंडळींच्या अंगणात त्याच चुका पाहते, म्हणून हे लिहायला घेतलं.

भिजवणं: सगळ्या चुकांची आई

आपल्याकडे गोणपाट लावतात ते उन्हाशी लढायला. सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागतं. ते पाणी एप्रिलच्या उन्हात उडून जाऊ नये म्हणून ओलं बारदान. इथल्या हिवाळ्यात पाणी उडून जायची भीती जवळजवळ नसते. भीती असते ती पाणी आतल्या आत गोठण्याची. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. दरज ओली असताना ते फुगलं, की वाळू आणि सिमेंटची नुकती जुळू लागलेली वीण उसवते. मग तो माल नंतर कितीही वाळला तरी कधीच धरत नाही.

गोणपाट उब धरतं ते त्याच्या विणीत अडकलेल्या हवेमुळे. तिथे पाणी भरलं की हवा गेली, आणि हवेबरोबर उबही. उरतो तो भिंतीला चिकटलेला बर्फाचा पडदा. म्हणून थंडीत गोणपाट कोरडंच हवं, आणि पावसातही कोरडं राहायला हवं. नुसतं गोणपाट टाकून झोपायला गेलात तर इथला रिमझिम पाऊस तुमच्या वतीने झारी फिरवून जातो.

माझी आताची पद्धत अशी. आधी गोणपाटाचे दोन-तीन थर, भिंतीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेले. त्यावर प्लास्टिकची ताडपत्री. माथ्यावर आडव्या फळ्या ठेवते, म्हणजे कापड ओल्या दरजांपासून बोटभर सुटं राहतं आणि वजनही पडतं. खाली दोन्हीकडे विटा ठेवून कडा दाबते आणि टोकं बंद करते, कारण वारा एकदा आत शिरला की सगळी उब घेऊन जातो. माथा झाकायला विसरू नका. भिंतीत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा वरूनच.

गोणपाट वगळून नुसतं प्लास्टिक भिंतीला चिकटवणं हीदेखील चूकच. आतून दव धरतं, ते ताज्या दरजांवरून ओघळतं आणि विटांवर चुन्याचे पांढरे ओघळ उतरतात. ते घासून काढण्यात माझे दोन रविवार गेले.

गोणपाट म्हणजे शेगडी नव्हे

गोणपाट उब देत नाही, असलेली उब टिकवतं. भिंत मुळातच गारठलेली असेल तर झाकून काय साधणार? इथले गवंडी सिमेंटच्या मालाबाबत एक साधा नियम पाळतात: पारा ३ अंशांवर आला आणि उतरतोय, तर थापी खाली ठेवायची. चुन्याच्या मालाला ५ अंशांच्या खाली हात लावायचा नाही. दुपारी चार वाजता ८ अंश आहेत म्हणून काम काढू नका, रात्रीचा अंदाज बघा.

आणि जुन्या घरांमध्ये माल बहुधा चुन्याचाच असतो. व्हिक्टोरियन काळातल्या विटांच्या घरांच्या दरजा चुन्याच्या, त्या सिमेंटने भरू नयेत. ते का, हे पुढे येतंच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश पक्का होतो, त्याला आठवडे नव्हे तर महिने लागतात. म्हणजे नोव्हेंबरात भरलेली चुन्याची दरज अख्खा हिवाळा कच्चीच राहणार. तिला किती रात्री झाकून पुरे पडणार? चुन्याचं काम एप्रिल ते सप्टेंबर या काळातच उरकावं हे उत्तम. गंमत अशी, की उन्हाळ्यात चुन्याच्या दरजांवर इथेही गोणपाट ओलंच टाकतात, ऊन-वाऱ्याने माल झटकन वाळू नये म्हणून. तेव्हा आई अगदीच चुकली नव्हती, महिना चुकला होता.

सिमेंटच्या दरजा भरल्या असतील आणि रात्री शून्याखाली जाणार असतील तर मी आवरण आठवडाभर काढत नाही. मालात मीठ किंवा गाडीतलं अँटीफ्रीझ घालण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. मिठाने विटांवर पांढरे क्षार फुटतात आणि भिंतीतलं लोखंड गंजतं. रचून ठेवलेल्या विटा आणि वाळूचा ढीगही झाका. पाणी प्यालेली, गोठलेली वीट भिंतीत बसवली तर वरून शाल पांघरून काही उपयोग नाही.

सकाळी उठून भिंत बिघडलेली दिसली तर

एक खिळा घ्या आणि दरजेवर ओढा.

भुगा पडला आणि आतही मऊच लागलं, तर माल धरण्याआधी गोठलेला आहे. कधीकधी पृष्ठभागावर नेच्याच्या पानासारखी नक्षीही दिसते. सुंदर असते, पण निदान तेच. वरून पाण्यात सिमेंट कालवून फासू नका. वसंत ऋतूत तो माल छिन्नीने दोन-अडीच सेंटीमीटर खोल काढा, दरज ब्रशने साफ करून किंचित ओली करा आणि नव्याने भरा.

दरज टणक आहे पण विटेचं तोंडच पापुद्रे होऊन उडतंय, असं असेल तर दोष बहुतेक जुन्या दुरुस्तीचा. मऊ जुन्या विटांमध्ये कोणीतरी कडक सिमेंट भरलेलं असतं. पूर्वी भिंतीतलं पाणी दरजांतून बाहेर पडायचं. तो रस्ता बंद झाल्यावर ते विटेतून बाहेर यायला बघतं, तिथेच गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा ढकलून देतं. अशा भिंतीला गोणपाट गुंडाळणं म्हणजे ताप आलेल्याला टोपी घालणं. सिमेंट काढून पुन्हा चुना भरणं आणि पाणी शिरतं ती जागा शोधणं, हाच इलाज. तुटकं पन्हाळं, नाहीतर माथ्याची निसटलेली वीट, यांपैकी काहीतरी सापडतंच.

नुसतं पांढरं पीठ दिसत असेल आणि खिळ्याने काही उकरत नसेल तर घाबरू नका. ते क्षार आहेत. कोरड्या ब्रशने झटका, धुऊ नका.

झाडाला मफलर गुंडाळणं

आता झाडं. इथली सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. आपण झाडाला माणूस समजतो. खोडाभोवती गोणपाट घट्ट गुंडाळतो, सुतळीने आवळतो, वरून एक गाठ. माणसाला मफलर पुरतो, कारण त्याच्या अंगात उब तयार होते. झाडाच्या अंगात ती नसते. त्याला उब मिळते ती जमिनीकडून. दिवसभर तापलेली माती रात्री ती सोडते, आणि आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर ती सरळ वर निघून जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं किंवा निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या रात्रीही अशाच असतात: चांदण्या लखलखीत, वारा नाही.

म्हणून आवरण तंबूसारखं हवं, जमिनीपर्यंत टेकलेलं, म्हणजे मातीतून येणारी उब आत अडकते. तीन-चार बांबूच्या काठ्या खोचा आणि त्यांवर गोणपाट टाका, पानांवर नको. पान जिथे ओल्या, गोठलेल्या कापडाला टेकतं तिथेच ते सकाळी काळं पडलेलं दिसतं. सूर्य मावळायच्या आत झाका. रात्री दहाला आठवण झाली तर निम्मी उब गेलेली असते.

आणि सकाळी काढा. गोणपाटातून उजेड फारसा जात नाही. माझ्या शेजारणीने एक सदाहरित झुडूप डिसेंबर ते मार्च सलग झाकून ठेवलं. थंडीने नव्हे, अंधाराने आणि बुरशीने पानं पिवळी होऊन गळली. दिवसेंदिवस झाकायचं असेल तर बाजारात मिळणारं पांढरं, हलकं फ्लीस बरं, त्यातून उजेड जातो. गोणपाटाची खरी जागा म्हणजे पानं झडलेली किंवा आपण छाटलेली झाडं. इथे बागेत लावतात त्या जपानी केळीचंच घ्या. थंडीने पानं काळवंडली की ती कापून टाकायची, खांबाभोवती जाळीचा पिंजरा करून आत कोरडा पेंढा भरायचा आणि बाहेरून गोणपाट. वरून पाऊस आत जाणार नाही असं टोपण मात्र हवंच, नाहीतर खांब आतून सडतो.

कुंड्यांची गोष्ट उलटी. तिथे गुंडाळायची ती कुंडी. जमिनीतल्या मुळांना सगळीकडून मातीचा आधार असतो, कुंडीतल्या मुळांपर्यंत थंडी चारही बाजूंनी पोचते. कुंडीला गोणपाटाचे दोन-तीन वेढे द्या, मध्ये फुग्यांचं पॅकिंग प्लास्टिक घातलंत तर आणखी बरं. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. मातीची कुंडी फुटते ती आत साचलेलं पाणी फुगून.

कढीपत्त्यासाठी मात्र गोणपाट शोधूच नका. लोक विचारतात, "तीन थर दिले तर?" तीस दिले तरी नाही. त्याला ऑक्टोबर लागायच्या आतच घरात घ्या, उजेडाच्या खिडकीशी ठेवा आणि पाणी कमी करा. हिवाळ्यात त्याची पानं गळतात, तो बहुधा मेलेला नसतो.

थंडीने काळवंडलेलं झुडूप लगेच छाटू नका. वरच्या जळलेल्या फांद्याच खालच्या कोंबांवर पांघरूण होतात. एप्रिल-मेपर्यंत थांबा, मग तोच खिळा घेऊन साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली-खाली खरवडत जा आणि तिथे कापा.

कापड घेताना

देशी दुकानातून आणलेल्या बासमतीच्या रिकाम्या पिशव्या मीही वापरून पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच दिसायला ज्यूटच्या, आतून प्लास्टिकच्या, आणि आत घाम धरतो. खताची किंवा सिमेंटची जुनी पोतीही नकोत. साधं, न रंगवलेलं, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचं गोणपाट बागेच्या दुकानात मीटरवर मिळतं, ते घ्या. त्याला इथे 'हेशियन' म्हणतात, जर्मनीतल्या हेसन प्रांतावरून. ताग मात्र आपल्या बंगालचा. तो स्कॉटलंडातल्या डंडी शहरातल्या गिरण्यांत देवमाशाच्या तेलाने मऊ करून विणला जायचा. हुगळीकाठी रिश्र्याला पहिली ज्यूट गिरणी उभी राहिली ती १८५५ मध्ये, डंडीहून आणलेल्या यंत्रांवर. मागच्या अंगणात गोणपाट वाळत घालताना मला हे उगाच आठवतं.

वाळत घालणं महत्त्वाचं. ओलं घडी केलेलं गोणपाट पुढच्या हिवाळ्यात बोटाने फाटतं. मेच्या मध्यापर्यंत रात्री दगा देऊ शकतात, त्यामुळे तोवर ते हाताशी ठेवा. मग दोन दिवस उन्हात टाका, झटका आणि शेडमध्ये खिळ्याला उंच टांगा. मी एकदा जमिनीवर ठेवलं होतं, ऑक्टोबरात उघडलं तर आत उंदरांचं बाळंतपण झालेलं.