अंतराळ स्थानकात अलार्म वाजला तर आधी काय, मग काय

मी अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात सेफ्टी बघते. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, तेव्हापासून आमच्याकडे ट्रेनिंगला येणारी मुलं हमखास विचारतात, "मॅडम, तिथे आग लागली तर पळायचं कुठे?" प्रश्न अगदी नेमका आहे. इथे भोंगा झाला की आपण असेंब्ली पॉइंटला जाऊन उभे राहतो. तिथे दाराबाहेर निर्वात पोकळी. त्यामुळे तिथली शिस्त वेगळी, आणि ज्यांना खरंच त्या वाटेने जायचंय त्यांनी ती आत्तापासून अंगात मुरवावी.

अलार्म कुठलाही असो, क्रम एकच. आधी सगळ्यांना सावध करा, मग एकत्र जमा, आणि त्यानंतरच कामाला हात घाला. जमताना एक बघा: तुमच्या आणि तुमच्या परतीच्या यानाच्या मध्ये धोका येता कामा नये. २३ फेब्रुवारी १९९७ ला रशियाच्या मीर स्थानकावर ऑक्सिजन देणारी रासायनिक कांडी भडकली. आत सहा जण, परतीची सोयुझ यानं दोन, प्रत्येकात जागा तिघांनाच. त्यातल्या एका यानाची वाट आगीने अडवली होती. वर काही अग्निशामक नळकांडी भिंतीला इतकी घट्ट आवळलेली की ती निघेनात. म्हणून स्थानकात पाऊल टाकल्यावर पहिलं काम हे: जवळचं अग्निशामक आणि जवळचा मास्क स्वतःच्या हाताने सोडवून बघा. नकाशावर कुठे आहे ते पाठ असून भागत नाही.

आग लागली तर मास्क आधी. मग हवा खेळवणारे पंखे बंद झालेत का ते पाहा. बहुतेक वेळा कॉम्प्युटर ते आपोआप बंद करतो, पण खात्री तुम्ही करायची. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. ज्योतीला नवा ऑक्सिजन पुरवतात ते पंखेच, आणि धूरही तेच स्थानकभर नेतात. जळणाऱ्या भागाची वीज तोडा. अग्निशामक मारताना पाय रेलिंगमध्ये अडकवा, नाहीतर झोताने तुम्हीच मागे फेकले जाल. नळकांडं कार्बन डायऑक्साइडचं असेल तर तो वायू आतच कोंडतो, तेव्हा आग विझली तरी हवेचं रीडिंग घेतल्याशिवाय मास्क काढू नका.

हवा गळत असेल तर कानांना दडा बसतो. हातातला दाबमापक काढा आणि वेळेचा हिशोब मांडा. पाऱ्याचे ४९० मिलिमीटर ही दाबाची खालची हद्द. समजा दाब ७४० आहे आणि मिनिटाला ५ ने उतरतोय, तर ढोबळमानाने तुमच्या हातात ५० मिनिटं आहेत. आकडा मोठ्याने सांगा, म्हणजे सगळ्यांचं घड्याळ एक होतं. मग पहिल्यांदा स्वतःचं यान तपासा, भोक तिथेच असू शकतं. २०१८ मध्ये सोयुझच्याच भिंतीत सुमारे २ मिलिमीटरचं भोक सापडलं होतं. यान ठीक असेल तर स्थानकाच्या भागांमधलं एकेक दार लावत दाब बघत जा. दार लावल्यावर काटा स्थिर झाला, की गळती त्या दारापलीकडे.

आणि दारातून वायर टाकू नका. टाकावीच लागली तर हाताने झटकन सुटेल असा जोड ठेवा. २५ जून १९९७ ला मालवाहू प्रोग्रेस यान मीरच्या स्पेक्त्र भागावर आदळलं, तेव्हा दारातून गेलेल्या केबल काढल्या-कापल्याशिवाय दार लागेना, आणि हवा तर चाललेली.

अमोनिया हा माझ्या रोजच्या कामातला विषय. स्थानकाच्या बाहेरच्या नळ्यांमधून उष्णता वाहून नेतो तो अमोनियाच. आत मात्र पाणी फिरतं. दोघांची भेट होते त्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला तर अमोनिया पाण्याच्या नळ्यांतून आत घुसू शकतो. इथे मी मुलांना सांगते: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघा, वाऱ्याच्या उलट दिशेला निघा, नाकावर ओलं फडकं धरा. तिथे वारा नाही, मैदान नाही. मास्क चढवायचा आणि थेट रशियन भागात जायचं, कारण तिथल्या यंत्रणेत अमोनिया नाही. मागे कुणी राहिलं नाही याची मोजणी करून दार बंद. १४ जानेवारी २०१५ ला सगळ्यांनी नेमकं हेच केलं. नंतर कळलं की अलार्म खोटा होता, कॉम्प्युटरच्या बिघाडामुळे वाजलेला. माझ्या मते त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं. अलार्म खरा की खोटा हे दार लावल्यावर ठरवायचं.

बाहेर काम करताना अंगावर अमोनिया उडाला तर घाईने आत येऊ नका. २००१ मध्ये अंतराळवीर रॉबर्ट कर्बीम यांच्या सूटवर त्याचे स्फटिक जमले. सोबत्याने ते ब्रशने झटकले, आणि उरलेले उडून जावेत म्हणून कर्बीम उन्हातच थांबले. हेल्मेटमध्ये पाणी जाणवलं तर मात्र लगेच सांगा, लगेच परत फिरा. २०१३ मध्ये अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या नाकाडोळ्यांवर पाणी चढलं होतं. त्यांच्या आधीच्या स्पेसवॉकमध्येही पाणी दिसलेलं, पण ते सूटमधल्या पिण्याच्या पाण्याच्या पिशवीतलं असेल असं धरलं गेलं.

काही धोक्यांना अलार्म नसतो. कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने घटते, म्हणून रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम ठरलेला. कामाचा ढीग असला तरी तो सोडू नका. किरणोत्सर्गाची नोंद डोसमीटर ठेवतो, तो अंगावरून काढू नका. नजरेत फरक वाटला तर लपवू नका.

झोपायच्या कप्प्यात पंखा चालू आहे ना, हे हात धरून बघा. उच्छ्वासाची हवा आपणहून दूर जात नाही, तोंडाभोवतीच साचते. सकाळी डोकं दुखत असेल तर गोळी घेण्याआधी जमिनीवरच्या कंट्रोल रूमला कळवा आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा विचारा.