उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा येणारा लोणा

फॉर्म-फिनिश, म्हणजे साचा काढल्यावर तशीच उघडी ठेवलेली भिंत. तिच्यावर क्षारांची पांढरी भुकटी, म्हणजेच लोणा. धुतली की आठवड्यात परत. धुतल्याने विरघळणारे क्षार पुन्हा आत मुरतात. ॲक्रिलिक सीलर (वर थर धरणारा, पाणी अडवणारा लेप) लावला, तर त्याखाली पांढरे पापुद्रेच सुटले. नुसता वैताग!

दोष भिंतीच्या माथ्यात होता: सपाट, पाणी तिथून मुरत होतं. आधी त्यावर उताराचं कोपिंग (माथ्यावरचं झाकण) बसवलं, भिंतीबाहेर ४० मिमी, बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या बाजूला १० मिमीची खाच. थेंब तिथेच सुटतो. मग भुकटी कोरड्या ब्रशने झाडली. चिवट डागांवर, भिंत ओली करून, एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी. बुडबुडे थांबताच धुतलं. भिंत सुकल्यावर प्लास्टिकचा तुकडा २४ तास चारही कडांनी चिकटवला. आतून दव दिसलं तर थांबायचं. शेवटी सिलेन-सिलोक्सेन सीलर, खालून वर, पहिला हात ओला असतानाच दुसरा. याचा थर बसत नाही, वाफ बाहेर पडते.