सिल्व्हरस्टोन 1950: पहिल्या अजिंक्यपद शर्यतीचा निकाल-फलक असा करा

गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात मोटार शर्यतींचा विषय घेतला, तर सुरुवात 13 मे 1950 पासूनच करावी. त्या शनिवारी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या जुन्या विमानतळावर फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. इंदूरला हा फलक बघायला जवळच्या पिथमपूरच्या वाहन-कारखान्यांतली मंडळीही येणार. आकडा चुकला तर त्यांना तोच आधी दिसेल, म्हणून फलक छापण्याआधी हिशेब पक्का करा.

फलकासाठी चार फूट बाय तीन फूट पुरे. रकाने पाच ठेवा: क्रमांक, चालक, गाडी, फेऱ्या, वेळ किंवा पिछाडी. पहिले सहा असे:

1. ज्युसेप्पे फारिना, अल्फा रोमिओ, 70 फेऱ्या, 2 तास 13 मिनिटे 23.6 सेकंद
2. लुईजी फाजोली, अल्फा रोमिओ, 70, 2.6 सेकंद मागे
3. रेज पार्नेल, अल्फा रोमिओ, 70, 52 सेकंद मागे
4. इव्ह जिरो-काबांतू, टाल्बो-लागो, 68
5. लुई रोझिए, टाल्बो-लागो, 68
6. बॉब जेरार्ड, ईआरए, 67

पुढे पाच वेळा जगज्जेता झालेल्या अर्जेंटिनाच्या फांजिओचं नाव या यादीत नाही म्हणून ते गाळू नका. लोक आधी तेच शोधतात. चौथी अल्फा रोमिओ त्याचीच होती. 62 फेऱ्यांनंतर तेलाच्या गळतीमुळे त्याने शर्यत सोडली. त्याला खाली वेगळ्या ओळीत घ्या आणि कारणासकट लिहा. याच शर्यतीला त्या वर्षी ‘युरोपियन ग्रां प्री’ हा मानही होता, त्यामुळे ब्रिटिश आणि युरोपियन अशा दोन शर्यती धरण्याची चूक होते. शर्यत एकच.

आता सरासरी वेग. एक फेरी 4.649 किलोमीटरची, म्हणजे 70 फेऱ्यांचे 325.4 किलोमीटर. इथे हमखास चूक होते ती 2 तास 13 मिनिटं म्हणजे 2.13 तास धरण्याची. तसं भागलं की 152.8 किलोमीटर येतात. वेळेचे आधी सेकंद करा: 8003.6. मग 325.4 ला 3600 ने गुणून 8003.6 ने भागा, ताशी 146.4 किलोमीटर मिळतील. पडताळा सोपा आहे. फारिनाची सर्वांत वेगवान फेरी 1 मिनिट 50.6 सेकंदांची, म्हणजे ताशी 151.3 किलोमीटर. सरासरी त्याहून जास्त येऊच शकत नाही. सराव सत्रात त्यानेच पहिलं स्थान मिळवलं ते 1 मिनिट 50.8 सेकंदांनी, हे दोन आकडे एकमेकांच्या जागी जाऊ देऊ नका.

प्रेक्षकाला खरी गोष्ट कळते ती अंतराच्या पट्टीतून, त्यामुळे कष्ट इथे घ्या. पांढरी सुती फीत सीतलामाता बाजारातून चार मीटर आणा. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करा आणि मगच खुणा करा. कोरी फीत पावसाळी हवेत आटते आणि मापं सरकतात. प्रमाण 1 सेंटिमीटरला 100 मीटर, म्हणजे एक फेरी साडेसेहेचाळीस सेंटिमीटर. शून्यावर फारिना. फाजोली 2.6 सेकंद मागे, म्हणजे सरासरी वेगाने सुमारे 106 मीटर. त्याची खूण जेमतेम एक सेंटिमीटरवर पडते. पार्नेल 21 सेंटिमीटरवर. पुढची सुमारे 72 सेंटिमीटर फीत कोरी, आणि मग टाल्बो. तीन अल्फा किती पुढे होत्या हे त्या कोऱ्या फितीवरून लहान मुलालाही कळतं.

फेऱ्यांनी मागे असलेल्या गाड्यांना मात्र टिंब देऊ नका. विजेता पोहोचल्यावर बाकीचे चालू फेरी पूर्ण करून थांबतात. 68 फेऱ्यांची नोंद असलेला चालक त्या क्षणी आपल्या अडुसष्टाव्या फेरीत कुठेतरी होता, म्हणजे दोन ते तीन फेऱ्या मागे. म्हणून जिरो-काबांतू आणि रोझिए यांच्यासाठी 93 ते 139.5 सेंटिमीटरचा पट्टा रंगवा, जेरार्डसाठी 139.5 ते 186.

हा फरक का पडला, तेही एका चौकटीत द्या. नियमानुसार सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असेल तर इंजिन 1.5 लिटरपर्यंत, नसेल तर 4.5 लिटरपर्यंत. अल्फा 158 चं आठ सिलिंडरचं इंजिन पहिल्या प्रकारातलं, टाल्बोचं दुसऱ्या. टाल्बोला इंधन कमी लागे, पण वेगात ती अल्फाला गाठू शकत नव्हती.

गुण आजच्या पद्धतीने लावू नका. तेव्हा पहिल्या पाचांना 8, 6, 4, 3, 2 आणि सर्वांत वेगवान फेरीला 1. म्हणून फारिनाचे 9. हंगामात सात शर्यती होत्या, पण प्रत्येकाच्या सर्वोत्तम चारच धरल्या. फाजोलीची चार दुसरी स्थानं आणि एक तिसरं मिळून 28 होतात, पण अंतिम तक्त्यात 24 लिहायचे. फारिना 30 गुणांनी विजेता, फांजिओ 27. फांजिओने तीन शर्यती जिंकल्या आणि फारिनानेही तीनच. सिल्व्हरस्टोनचं शून्य फांजिओला किती महाग पडलं ते इथे दिसतं.

पिथमपूरच्या नॅट्रॅक्सशी, म्हणजे तिथल्या वाहन-चाचणी केंद्राशी, तुलना विचारली जाईलच. तिथला वेगवान मार्ग 11.3 किलोमीटरचा, ही शर्यत त्यावर जेमतेम 29 फेऱ्यांत संपली असती. वेगाची तुलना मात्र फलकावर करू नका. तो चाचणीचा मार्ग आहे, त्याची वळणं उतरती बांधलेली आहेत आणि ताशी 250 किलोमीटरलाही गाडी बाहेर ओढली जात नाही. सिल्व्हरस्टोनची वळणं सपाट होती, बहुतेक ठिकाणी वेग कमी करावा लागे.

फीत फलकाखाली, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. दोन्ही टोकं खिळ्याने ताणा आणि मधे दर अर्ध्या मीटरवर टाचणी द्या, नाहीतर ती झोळते आणि एक सेंटिमीटरवरचा फाजोली दिसेनासा होतो.