एमबीबीएसला कॉलेज बदलायचंय? सोलापूरला बदलून आलेलीचे चार शब्द

ॲडमिशनच्या फेऱ्या संपल्या की दरवर्षी ओळखीतल्या कुणाच्या तरी घरून फोन येतोच. "पोरीला गोंदिया लागलंय गं. वर्षभर काढेल तिथं, मग सोलापूरला बदली करून घेऊ. तू केली होतीस ना?" केली होती. पण मी ज्या वाटेनं आले ती वाट आता बंद आहे, आणि फोनवर हे सांगितलं की पालकांना वाटतं हिला मदत करायची नाही. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवते.

मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमावलीत मायग्रेशनची, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात बदलीची सोय होती. फर्स्ट एमबीबीएस पास झाल्यावरच, निकालापासून महिन्याभरात अर्ज करायचा. दोन्ही कॉलेजं मान्यताप्राप्त हवीत, दोन्हीकडची आणि विद्यापीठाची एनओसी हवी. वर मंजूर जागांच्या ५ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणजे १०० जागांच्या कॉलेजात वर्षाला फार तर ५ जण. हक्क म्हणून कुणालाच मागता येत नव्हतं. पुढे २०२० मध्ये कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि आयोगाच्या २०२३ च्या पदवी शिक्षण नियमावलीनं हा विषयच संपवला: ज्या कॉलेजात प्रवेश मिळाला तिथून दुसरीकडे मायग्रेशन मागता येणार नाही. या बंदीला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, त्यामुळे आयोगाच्या वेबसाइटवरच्या ताज्या सूचना अधूनमधून बघत राहा. पण 'पुढे होईल काहीतरी' एवढ्या भरवशावर कॉलेज निवडू नका.

माझं प्रकरण जुन्या नियमातलं. फर्स्ट इयरला असताना वडील गेले, आई सोलापुरात एकटी. मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन्ही कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, त्यामुळे अभ्यासक्रम, परीक्षा सगळं तेच राहिलं. घोडं अडलं ते सोडायच्या कॉलेजात. घेणाऱ्या कॉलेजात जागा आहे की नाही एवढाच प्रश्न असतो. सोडणाऱ्याला मात्र एक मूल आणि पुढच्या सगळ्या वर्षांची फी गमवायची असते, कारण मध्येच रिकामी झालेली जागा परत भरता येत नाही. हे कळलं की तिथले भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसातले क्लार्क, "साहेब रजेवर आहेत" हे तिसऱ्यांदा का सांगतात, ते कळतं. राग येतो, पण निदान गोंधळायला होत नाही.

आता तुमच्या कामाचं. कॉलेज बदलायची खरी संधी मिळते ती प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये, आणि बहुतेक घरांमध्ये ती बेफिकिरीत घालवली जाते.

२०२० पर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना मिळायच्या आणि सोलापूर 'उर्वरित महाराष्ट्रा'त मोडायचं. ते सूत्र रद्द झाल्यापासून अख्ख्या राज्याची गुणवत्ता यादी एक. त्यामुळे सोलापूरच्या पोराला नंदुरबार आणि चंद्रपूरच्या पोरीला सोलापूर, हे नेहमीचं झालंय. तरी घरोघरी पसंतीक्रम भरला जातो तो मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमानं. कटऑफ म्हणजे इतरांची आवड. तुमची आई कुठं राहते हे त्याला माहीत नसतं. सोलापूरच्या मुलाला घर गाठता येणं महत्त्वाचं असेल, तर मुंबई-पुणे आणि सोलापूरनंतर मिरज, लातूर, धाराशिव, अंबाजोगाई यांचा विचार आधी व्हायला हवा. धाराशिवचं कॉलेज नवं आहे हे खरं. पण शनिवारी दुपारी एसटीत बसलं की संध्याकाळी घरी, याची किंमत पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, नापास झाल्यावर कळते.

सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेशाच्या, फेऱ्यांमध्ये 'स्टेटस रिटेन्शन' नावाचा एक फॉर्म असतो, तो समजून घेतल्याशिवाय सही करू नका. तो भरून दिला की मिळालेली जागा पक्की, पुढच्या फेरीतून तुम्ही बाहेर. भरला नाही तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो, आणि वरची जागा लागली की जुनी आपोआप जाते. मग "नको, आधीचंच बरं होतं" म्हणायची सोय नाही. म्हणून पुढच्या फेरीत फक्त तीच कॉलेजं टाका, जिथं हातची जागा सोडून खरंच जाल. आमच्या ओळखीतल्या एकानं 'फॉर्ममध्ये जागा शिल्लक आहे' म्हणून खाली आणखी दोन नावं टाकली आणि नेमकं त्यातलंच एक लागलं. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांच्या फेऱ्या एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) वेगळ्या घेते. तिथं कुठल्या फेरीपर्यंत राजीनामा देता येतो, अनामत कधी जप्त होते, हे त्या वर्षाच्या माहितीपत्रकातच वाचायचं, दादाच्या वेळच्या नाही.

घराजवळ म्हणून लांबचं सरकारी सोडून कुंभारीचं अश्विनी हे खासगी कॉलेज घेणारेही असतात. त्यात वाईट काही नाही. फक्त शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी बघून पूर्ण कोर्सचा हिशेब कागदावर मांडा, पहिल्या वर्षाचा नव्हे.

आयुर्वेदवाल्यांचं गणित निराळं. बीएएमएसला पहिली परीक्षा पास झाल्यावर, रिकामी जागा असेल आणि दोन्ही कॉलेजांची व विद्यापीठांची संमती असेल तर बदली होऊ शकते. नापास झालेल्याला किंवा वर्षाच्या मध्येच नाही. परदेशात एमबीबीएस करणाऱ्यांना मात्र भारतातल्या कॉलेजात बदली नाहीच. २०२१ च्या नियमांनुसार त्यांनी किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि तिथली इंटर्नशिप एकाच संस्थेत करायची असते. या दोन गोष्टींची मुद्दाम सरमिसळ करून "आपली वरपर्यंत ओळख आहे, बदली करून देतो" म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्याकडे आयोगाचं पत्र मागा. पत्र कधीच येत नाही, फोन मात्र येत राहतात.

बदलून आल्यावरचं सांगते, कारण तिसऱ्या फेरीतून उशिरा येणाऱ्यांची अवस्थाही जवळपास तीच असते. तिसऱ्या फेरीतून तुम्ही पोचता तेव्हा सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स संपलेला असतो, शवविच्छेदनाच्या डिसेक्शन हॉलमध्ये अप्पर लिंब, म्हणजे हात, निम्मा उरकलेला असतो आणि प्रत्येक टेबलाभोवती घोळके पक्के झालेले असतात. मागं उभं राहून काही दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात डेमॉन्स्ट्रेटर मॅडमना "मी उशिरा आलेय, मला ब्रेकियल प्लेक्सस बघायचाय" असं सरळ सांगा (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं ते). दुपारी रिकाम्या हॉलमध्ये दहा मिनिटांत दाखवतात. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा उशिरा आल्याचे दिवस कसे धरणार हे स्टुडंट सेक्शनला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. जात वैधता, डोमिसाइल, नीटचं स्कोअरकार्ड यांच्या मूळ प्रती जुन्या कॉलेजातून परत घेताना त्यांच्या यादीवर टिकमार्क करूनच सही करा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज दोन्हीकडे कॉलेजचं नाव बदलून घ्यावं लागतं. बँकेला कळवायचं राहिलं तर दुसरा हप्ता जुन्या कॉलेजच्या खात्यात जातो. हॉस्टेलच्या यादीत उशिरा येणारे शेवटी असतात. वाद घालून उपयोग नाही, आधी जवळपास खोली बघून ठेवा.

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे १९६३ चं. त्याआधी सोलापूरच्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर शहर सोडावंच लागे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, पण शिकायला मुंबईला जी. एस. मेडिकलला गेले. आज सिव्हिलला, म्हणजे कॉलेजच्या रुग्णालयाला, जिल्ह्यातले तर येतातच, शिवाय धाराशिवकडचे येतात आणि कर्नाटकातून विजयपूर, कलबुर्गीकडचेही. बाहेरून येणाऱ्याला अभ्यासापेक्षा हेच आधी अंगावर येतं. अक्कलकोटकडचा पेशंट कन्नडमध्ये बोलतो, शहराच्या पूर्व भागातली आजी तेलुगूत, आणि हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत, तुम्हाला मराठीत घेऊन इंग्रजीत मांडायची असते. मी सोलापूरचीच, तरी घरात तेलुगू नव्हतं.

सेकंड इयरला मेडिसिनच्या वॉर्डात एक विडी कामगार बाई होती. "त्रास कधीपासून?" विचारलं की नुसती हसायची. वॉर्डातल्या मावशी मध्ये पडल्या, दोघींचं तेलुगूत काहीतरी झालं आणि मावशी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत हजार विड्या वळायची दिवसाला. संक्रांतीला सातशे. आता चारशेला बसली की हात आखडतोय म्हणते, बोटं सुजतात." आम्ही वहीत 'गेले तीन महिने' लिहिलं. युनिटच्या सरांनी ते खोडून विड्यांचे आकडे तसेच्या तसे लिहायला लावले. आजार किती वेगानं वाढला, सकाळी बोटं किती वेळ आखडतात, काम किती बुडालं, हे सगळं त्या तीन आकड्यांवरून पुढं विचारता आलं. तेव्हापासून यंत्रमागावरच्या माणसाला मी आधी किती माग सांभाळतो ते विचारते, दम किती लागतो ते नंतर. दोन्ही भाषांतले कुठं, केव्हापासून, किती, झोप, जेवण, लघवी एवढे शब्द एका कागदावर लिहून ॲप्रनच्या खिशात ठेवा. शिकवायला मावशी आणि सिस्टर तयार असतात.

ज्यांना सोलापूर लागलंय आणि पुण्यालाच जायचंय, त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही, हे कबूल करते. पुणं कशासाठी हवंय, एवढं विचारते. क्लासेससाठी असेल तर ते आता मोबाइलवर आहेत. मित्र तिकडे आहेत म्हणून असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस रोज रात्री सुटते, पुण्यावरूनच जाते. घरी कुणाची डायलिसिस चालू आहे, कुणी एकटं आहे, अशी अडचण असेल, तर डीन सरांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोचपावती ठेवा. मायग्रेशन मिळणार नाही, पण रजा आणि हजेरीचा प्रश्न निघाला की तोच कागद पुढं करता येतो. कॉलेज बदलायची पुढची खरी संधी पीजीच्या वेळी येते, आणि ती नीट पीजीच्या रँकवर. इंटर्नशिपमध्ये टाके घालणं, प्रसूती सांभाळणं हे जिथं स्वतःच्या हातानं करायला मिळतं तिथं राहणं फायद्याचं, असं माझं मत. ते सगळ्यांना पटत नाही.

उन्हाळ्याचं मात्र काही करता येत नाही. पास होऊन निघालेल्या सीनियरकडून कूलर घ्यायचा तर मार्चच्या आत बोलून ठेवा. एप्रिलमध्ये सोलापुरात कुणी कूलर विकत नाही.