रोम, लिस्बनले कमवाले जायचं म्हणता? एजंटले पैसे द्यायच्या आधी एवढं पाहून घ्या

सोयाबीन निघालं की दरवर्षी दोनचार पोट्टे मोबाईल घेऊन सेंटरवर येतात, रीलमधे कोणी इटलीच्या रोममधे छत्र्या विकून रायला, कोणी पोर्तुगालच्या लिस्बनमधे टुकटुक (टुरिस्ट फिरवायची रिक्षा) चालवून रायला, अन् "भाऊ, आपलंही जमन काय?" जमते, पण एजंट सांगते तसं नाई. माझं तालुक्याले ऑनलाईन सेंटर आहे, पासपोर्टचे फॉर्म मीच भरतो, रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिले तर छत्री, गुलाब, सेल्फी स्टिक विकणं डोक्यातून काढा. रोममधे हे काम जास्त करून बांगलादेशी पोरं करतात, बार्सिलोनात रात्री रस्त्यावर बियरचे डबे विकणाऱ्यात पाकिस्तानी बरेच. लायसन नसलं की पोलीस माल उचलून नेतात अन् दंड हजारो युरोत जाते. पाऊस आला की छत्रीचा भाव वाढते हे खरं, पण खोलीवाला भाडं पाऊस पाहून मागत नाई.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडंच राहू, हेही नको. शेंगेनचा (इटली, पोर्तुगाल, स्पेनसारख्या युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच) टुरिस्ट व्हिसा म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, अन् त्यावर काम करताच येत नाई. पोर्तुगालमधे आधी जाऊन, काम पकडून तिथंच राहण्याच्या कागदाले अर्ज करता येत होता, ती सोय जून २०२४ मधे बंद झाली. व्हिडिओ मात्र अजून फिरतात, तारीख पाहत जा बाप्पा.

सरळ रस्ता इटलीचा सांगतो. तिथं सरकार परदेशी कामगारांचा कोटा काढते, त्याले देक्रेतो फ्लुस्सी म्हणतात. अर्ज तिकडचा मालक करते, आपण नाई. म्हणून "मी इथूनच तुमचा कोट्याचा फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटले तिथंच रामराम करा. मालकाचा अर्ज पास झाला की नुल्ला ओस्ता नावाची परवानगी निघते, मंग व्हिसा. सीझनचं काम शेतीत नाहीतर हॉटेल-पर्यटनात असते, जास्तीत जास्त ९ महिने.

आता खरी गोष्ट. खूप जण नुल्ला ओस्ता घेऊन उतरले अन् मालकच गायब, मंग कागदाविना रस्त्यावर छत्र्याच विकायची पाळी. म्हणून मालकाचा ११ आकडी पार्तिता इवा नंबर (तिकडचा धंद्याचा टॅक्स नंबर) मागा, तिथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर फुकट तपासता येते. कंपनीचा फोन एजंटकडून नका घेऊ, स्वतः शोधा अन् लावा, भाषा नाई समजली तरी हॉटेल चालू आहे की नाई एवढं तर समजतेच ना. पगार किती, कापून हातात किती, झोपायची सोय कोणाची, सगळं कागदावर घ्या.

एजंटचं लायसन भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पहा. सरकारी नियमानं त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अन् वरून जीएसटी, पावतीसकट. वावर गहाण टाकून लाखो रुपये रोख मागत असन तर तो फी नाई, तुमचं वावर मागून रायला.

उतरल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकासोबत कामाचा करार व्हाले पाहिजे, अन् तो त्या जिल्ह्याच्या प्रेफेत्तुरातल्या (जिल्ह्याचं सरकारी ऑफिस) इमिग्रेशन खिडकीकडं जाते. मालक फोन उचलत नसन तर खोलीत वाट पाहत बसू नका, त्या खिडकीवर एकटेच जा, कागद दाखवा, अन् रोमच्या भारतीय दूतावासाले नाहीतर मिलानच्या कॉन्सुलेटले कळवा. पासपोर्ट कोणाच्याच हातात ठेवाले देऊ नका, गाववाल्याच्याही नाई.